बियाण्याचा वाफा

दुपारी दोनची गोळी सासूबाईंच्या घशाखाली उतरली, की मी बर्फात जाते.

जाते म्हणजे कुठे जात नाही. त्यांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसते, मांडीवर टॅब्लेट घेते आणि एकाच कानात इअरफोन अडकवते. दुसरा कान घंटेसाठी मोकळा ठेवावा लागतो. सासूबाई एकतीस वर्षं शाळेत होत्या, त्यातली अकरा मुख्याध्यापिका. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं त्यांना शाळेचीच जुनी पितळी घंटा भेट दिली. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. न्हाणीघरात घसरून त्यांचा खुबा मोडला तेव्हापासून ती घंटा त्यांच्या उशाशी आहे आणि हसायचं कुणाला सुचत नाही. एक टोला म्हणजे पाणी. दोन म्हणजे भांडं. तीन म्हणजे काही नाही, नुसतं 'कुठे आहेस गं?' तीनच जास्त वाजतात.

पाच महिने झाले. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीची लिफ्ट इतकी अरुंद की चाकाची खुर्ची तिच्यात कशीही घातली तरी मावत नाही. त्यामुळे सासूबाई खोलीत अडकल्या आणि त्यांना दहा मिनिटांच्या वर एकटं सोडता येत नाही म्हणून मी त्यांच्यात अडकले. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर आहे. सकाळी सातला जातो, दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू करतो, संध्याकाळी जिन्यानं घरी येतो. माझं शिलाई मशीन, ज्याच्यावर मी आख्ख्या गल्लीचे पडदे शिवले, ते झाकण लावून औषधांचं टेबल झालंय.

खेळ दिला लेकीनं. हॉस्टेलला परत जाताना टॅब्लेटवर घालून गेली. म्हणाली, "आई, तू निदान इथं तरी बाहेर जात जा."

बाहेर म्हणजे ही छावणी. लाकडी कुंपण, एक फाटक, आत चार माणसं आणि चहूकडे बर्फ. खेळातला हिवाळा आपले चार महिने चालतो. हिवाळा लागला की फाटक बंद. आतल्यांनी मिळून जगायचं. जो मेला किंवा ज्याला बाहेर काढलं, त्याला वसंत येईपर्यंत परत प्रवेश नाही, आणि नव्या नावानंही नाही. सगळे एकमेकांशी बोलू शकतात, पण चेहरा कुणाचा दिसत नाही. ते मला फार बरं वाटलं. माझा चेहरा पाच महिन्यांत मीही नीट बघितला नव्हता.

आमचा पुढारी कप्तान. खरा तो दातांचा डॉक्टर. दोन पेशंटच्या मधल्या वेळात खेळतो, त्यामुळे लांडगे अंगावर आले की नेमका "एक मिनिट हं" म्हणतो आणि मागे घर्रर्र आवाज येतो. दुसरी मधमाशी. ही बसडेपोत गाड्यांची घोषणा करते, आणि जळण संपलं हेही 'प्रवाशांनी नोंद घ्यावी' अशाच आवाजात सांगते. तिसरा पाव. हा बेकरीवाला, पहाटेच काम उरकतो आणि दुपारी आमच्यात येऊन जांभया देतो. आणि मी, सुई.

"सुई?" सासूबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या. "टोचतेस म्हणून?"

"शिवते म्हणून, आई."

"हं."

या तिघांना मी कधी भेटले नाही, भेटणारही नाही. पण दिवसात दोन तास मला कुणीतरी "ताई, आज उशीर केलात?" असं विचारायचं. घरात माझा उशीर फक्त घंटेला कळतो.

आता कागदाचं सांगते, कारण सगळं त्या कागदानं झालं.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं माझं मीच शिकले. मशीन, मापं, टॅब्लेट आणि उरलेलं वाचणंही. शिकायची माझी एकच रीत, हातानं लिहून काढणं. खेळाचे आणि छावणीचे सगळे नियम मी एका मोठ्या कागदावर लिहून काढले, पाठपोट, आणि खेळताना दिसावेत म्हणून पलंगासमोरच्या कपाटाला चिकटपट्टीनं लावले. पुढच्या बाजूला एक ते आठ, मागच्या बाजूला नऊ ते सोळा. मागचे मला पाठ होते. चिकटवताना सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद तपासला होता. एके काळी माझ्या सामानाच्या यादीतल्या वेलांट्यासुद्धा त्या लाल पेननं दुरुस्त करायच्या.

"तिसऱ्या ओळीत 'कुजेल'चा उकार राहिलाय," त्या म्हणाल्या. मी उठून उकार दिला.

त्या बुधवारी मी दोनला आत गेले, तर नेहमीचं "या ताई" आलंच नाही.

"सुई," कप्तान म्हणाला. मागे घर्रर्र नव्हतं. पेशंट थांबवून आला होता की काय कोण जाणे. "ऊबघरात जाऊन बघा."

ऊबघर म्हणजे छावणीतली एकच खोली जिथं चूल पेटती असते आणि मातीचे वाफे असतात. एक वाफा आम्ही सोडून ठेवला होता. सोळा वेल, शेंगांनी लगडलेले. त्यांना कुणी हात लावायचा नव्हता. शेंगा वेलीवरच पिवळ्या व्हायच्या, मग खडखडीत वाळायच्या, मग त्यांचं बी निघणार होतं, आणि ते बी रविवारी पेरलं की उरलेला हिवाळा निघणार होता. मी गेले. सोळाच्या सोळा वेल रिकामे. वाफ्याशेजारी शेंगांचा ढीग नीट रचून ठेवलेला, कडा जुळवून, वह्यांच्या गठ्ठ्यासारखा. ओल्या, पिवळट. खायला ठीक, पण बी म्हणून शून्य.

आणि वाफ्यावर पाटी होती: शेवटचा हात, सुई. वेळ, सकाळी दहा पंचवीस ते अकरा दहा.

दहा मिनिटांसाठी म्हणून खाली उतरलेली मी सकाळी अकरा दहालाही दारात औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याची वाट बघत उभी होते. टॅब्लेट पलंगावर राहिला होता.

मी कप्तानला म्हटलं, "मला दहा मिनिटं द्या," आणि इअरफोन काढला.

सासूबाई छताकडे बघत होत्या. छताकडे इतक्या मन लावून कुणी बघत नाही.

"आई, तुम्ही टॅब्लेटला हात लावलात?"

"लावला." आवाज अगदी सरळ. "तू गेलीस तेव्हा तो चालूच होता. ती तुझी शेंगांची खोली दिसत होती. शेंगा पिवळ्या पडायला लागल्या होत्या. म्हटलं, ही विसरली. खिडकीतली कुंडीही तू परवा विसरलीस. म्हटलं, बिचारीचं नुकसान होईल. एकेक करून तोडल्या. पाऊण तास लागला… म्हणजे, तुला खाली बराच वेळ लागला."

"त्या तोडायच्या नव्हत्या."

"का नव्हत्या?" आता त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बोट कपाटाकडे केलं. "नियम तिसरा. पिकलेलं वेळेत तोडा, नाहीतर कुजेल. तुझ्याच अक्षरात लिहिलंय. मी नियमाबाहेर काही केलेलं नाही."

मी उठले. कागदाची चिकटपट्टी सोडवली, कागद उलटा केला आणि त्यांच्यासमोर धरला.

नियम अकरावा: बियाण्याच्या वाफ्याला नियम तीन लागू नाही. शेंगा वेलीवरच वाळू द्या. कुणीही हात लावू नये.

त्यांनी तो दोनदा वाचला. ओठ हलताना दिसले. एकतीस वर्षं या बाईनं पोरांना एकच गोष्ट सांगितली असेल, पेपर हातात आला की आधी पान उलटून बघा. आणि आता पलंगावरून कपाट चार पावलांवर, आणि ती चार पावलं पाच महिने झाले त्यांना चालता आली नव्हती. कागद मी लावला होता, पाठपोट मी लिहिला होता. मागचं मला पाठ, म्हणून मागचं जगातल्या सगळ्यांना पाठ असणार असं मी धरून चालले होते.

"मला मागची बाजू दिसत नाही गं," त्या म्हणाल्या.

"माहितीये, आई."

"तू सांगायचं होतंस."

"हो."

मग मला चौदावा नियम आठवला. चौदावा नियम आम्ही चौघांनी पहिल्या दिवशी एकेक करून मान्य केला होता. आधीच्या हिवाळ्यात कुणाच्या तरी भावानं खोड्या काढून अख्खी छावणी जाळली होती म्हणे, म्हणून. एका नावावर एकच माणूस. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर ते नाव फाटकाबाहेर, मत न घेता. आणि चुकीला मात्र मत होतं. एक चूक, तिघांतल्या दोघांनी माफ केली तर माफ.

म्हणजे खरं बोलले तर नक्की बाहेर. खोटं बोलले तर कदाचित आत.

दोन महिने, मी हिशेब केला. दोन महिने दुपारी दोन ते चार ही खोली, हे छत, ही घंटा, आणि मी. मागच्या पाच महिन्यांतले तीन मी तसेच काढले होते. तेव्हा मी औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर वाचून काढायचे, घटक पदार्थांसकट. परत तिथं जायचं नव्हतं मला.

मी इअरफोन कानात घातला. पण गडबडीत त्याची वायर निघाली होती, त्यामुळे आवाज टॅब्लेटमधूनच यायला लागला, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. ते माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

"मी तोडल्या," मी म्हटलं. "चुकून. मला वाटलं, पिवळ्या झाल्या म्हणजे कुजतील."

मग मधमाशी म्हणाली, "पण ताई, हा वाफा राखायचा ही सूचना तुम्हीच मांडली होती."

"हो. डोक्यातून गेलं."

"एक नाही, दोन नाही, सोळा वेल," कप्तान म्हणाला. आवाज चढला होता. त्याचंही बरोबर होतं. साठा तीन आठवड्यांचा, हिवाळा अजून आठ आठवड्यांचा. "एक शेंग तोडली असती तर समजलो असतो. पाऊण तास बसून तोडल्यात तुम्ही! नियम लिहिलेले आहेत ना? वाचता येत नाही का तुम्हाला?"

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. लग्नानंतर पहिल्या महिन्यात, मी वीजखात्याची नोटीस चुलीजवळ पेटवण म्हणून ठेवली होती, तेव्हा याच घरात ऐकलं होतं. ज्यांनी म्हटलं होतं त्या आत्ता माझ्यापासून हातभर अंतरावर पडून होत्या.

घंटा वाजली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच टोल्यांचा अर्थ आमच्यात ठरलेला नव्हता.

"कोण बोलतंय हे?" सासूबाई टॅब्लेटकडे तोंड करून म्हणाल्या. पाच महिन्यांत त्या आवाजात बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. सहाशे पोरांचं मैदान गप्प करणारा आवाज होता तो. "आधी नीट उभे राहा. आणि नीट ऐका. तिला वाचता येतं. तिला तुमचे सोळाच्या सोळा नियम लिहिता येतात, तुमच्यातल्या कुणी लिहून काढलेत का? शेंगा मी तोडल्या. मी तिची सासू. तिनं नाही, मी."

"आई!" मी टॅब्लेट पोटाशी दाबला. काही उपयोग नव्हता.

मग पावची जांभई अर्ध्यात तुटल्याचा आवाज आला.

"अं… नमस्कार," कप्तान म्हणाला. खरोखर उभा राहून बोलतोय असं वाटलं.

"नमस्कार. सांगा, आता काय शिक्षा?"

"शिक्षा नाही, बाई. पण चौदावा नियम…" तो अडखळला. "सुई, खरंय हे?"

आता काय राहिलं होतं? "खरंय," मी म्हटलं.

"मग मत घेता येत नाही." त्यानं मोठा श्वास घेतला. "आपणच केलेला नियम आहे. एकदा वाकवला की पुढच्या वेळी कुणाला थांबवायचं? उद्या दोन वाजता फाटक."

त्या रात्री मी सासूबाईंशी फारसं बोलले नाही. रागावले होते, उगाच कशाला झाकू? एवढं खोटं बोलून दार अर्धं उघडं ठेवलं होतं, ते या बाईनं घंटा वाजवून बंद केलं. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "शेंगा." तो सुज्ञ माणूस आहे, पुढे विचारलं नाही.

गुरुवारी सकाळपासून घंटा एकदाही वाजली नाही. मी दोनदा जाऊन बघून आले, दांडी तुटली की काय म्हणून. घंटा धड होती. सासूबाई तहानेल्या पडून होत्या आणि मागत नव्हत्या. मी पाण्याचा पेला तोंडाशी धरला.

"वाजवायची ना, आई."

"तुझा एक कान तरी आज मोकळा असू दे म्हटलं."

राग तसा पातळ व्हायला लागलाच होता.

मी एक मोठा कोरा कागद घेतला. नऊ ते सोळा नव्यानं लिहिले, एकाच बाजूनं, आणि जुना कागद परत चिकटवून त्याच्याशेजारी लावले. ज्या खेळातून आपल्याला काढलंय त्याचे नियम कपाटाला लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, पण हात रिकामे राहिले तर मला सुचत नाही. सासूबाई बघत होत्या. बाराव्या नियमात 'झुडूप'चा डू ऱ्हस्व पडला होता. त्या काही बोलल्या नाहीत. तेच मला टोचलं.

दोनची गोळी झाली. त्या म्हणाल्या, "चल. फाटकाची वेळ झाली."

"तुम्हाला कशाला त्रास?"

"मी काढवलं तुला. निरोपाला तरी असते. आणि ती वायर काढ, मला ऐकू येऊ दे."

मी खुर्ची पलंगाला चिकटवली, टॅब्लेट दोघींच्या मध्ये उशीवर ठेवला.

तिघंही फाटकाशी उभे होते. पाव पुढे आला. "ताई, एक सांगायचं राहिलं. चुलीच्या नळीमागे चार शेंगा होत्या, त्या सुटल्यात. वाळल्यासुद्धा. थोडं बी निघेल. अर्धपोटी काढू, पण काढू."

सासूबाईंनी मात्र कपाळाला आठी घातली. "माझ्या नजरेतून चार सुटल्या?"

"बरं झालं ना, आई!"

"बरंच झालं. पण सुटल्या कशा?"

पावनं काड्यांची पेटी दिली. मधमाशीनं लोकरीची टोपी. कप्तान म्हणाला, "त्या ढिगातल्या अर्ध्या शेंगा तुमच्या. आणि सुई… काल मी जे बोललो, वाचण्याबद्दल, ते…" मागे घर्रर्र सुरू झालं. "एक मिनिट हं," तो कुणाला तरी म्हणाला, आणि परत येऊन फक्त "माफ करा" म्हणाला.

"छावणीतून सुई बाहेर पडत आहेत," मधमाशीनं तिच्या त्या आवाजात सांगितलं, आणि शेवटच्या शब्दाला तो आवाज जरा फाटला. "सर्वांनी नोंद घ्यावी."

फाटक लागलं. त्यांचे आवाज तुटले. नुसता वारा.

मी टॅब्लेट बंद करायला बोट उचललं. थंडी वाजू लागली की अंगाची ऊब दाखवणारी पट्टी कमी होत जाते, दहा घरांची. ती संपली की सुई संपणार. मला ते बघायचं नव्हतं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "हे काय आहे?"

"काय?"

"हे सगळं. समोर." त्या कोपरावर उठू बघत होत्या, मी पाठीला उशी लावली. "हे पलीकडचं पांढरं कुठवर जातं?"

"माहीत नाही, आई. मी कधी फाटकाबाहेर गेले नाही. आत काम असायचं."

"इतके दिवस खेळतेस, आणि बाहेर गेली नाहीस?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग त्यांना आधी हसू फुटलं. हसताना खुबा दुखतो, म्हणून त्या खुब्यावर हात दाबून हसत होत्या.

"चल मग," त्या म्हणाल्या. "उजवीकडे. तिकडे झाडं दिसतायत."

मी चालवू लागले. बर्फात पावलं उमटत होती, एकाच माणसाची. सासूबाई सांगायच्या, जरा डावीकडे, तो दगड बघ, उतार आहे, सांभाळ. उतार म्हटल्यावर स्वतःचा पाय चादरीखाली आखडून घ्यायच्या. ऊब नऊवर आली, आठवर. एक शेंग खाल्ली की एक घर भरायचं, पण शेंगा बत्तीसच. एक नदी लागली, गोठलेली. ती ओलांडली. मागे वळून बघितलं तर छावणीचा धूर नखाएवढा दिसत होता. तिथं आता आम्हाला जाता येणार नव्हतं. इकडे खोलीचं दार अर्धं उघडं होतं, आणि तिथूनही जाता येणार नव्हतं.

"किती दिवस म्हणालीस? वसंताला?"

"दोन महिने."

"मला पायांवर उभं राहायला डॉक्टरही तेवढेच म्हणाला," त्या म्हणाल्या. "तोवर पुरेल का आपल्याला, असं बघायचं."

नदीपलीकडे एका खडकाच्या आडोशाला झुडूप होतं. उघडं, काटेरी आणि त्याला लाल फळं, बर्फ झाडून वर आलेली. मी बोट पुढे केलं. स्क्रीनवर दोन पर्याय आले: हातानं, सुरीनं.

"हात लावू नकोस!" सासूबाई ओरडल्या. "आधी वाच."

मी कपाटाकडे बघितलं. त्यांनीही. दोन्ही कागद शेजारी शेजारी, सगळे सोळा नियम आमच्याकडे तोंड करून होते. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि वर्गात वाचतात तसं वाचलं, "नियम बारावा. रानातलं झुडूप सुरीनं तोडल्यास फळं दुप्पट मिळतात, पण झुडूप मरतं. हातानं तोडल्यास थोडी मिळतात आणि झुडूप राहतं."

"हातानं," मी म्हटलं.

"हातानं. आणि अर्धी ठेव."

"कुणासाठी? सगळे आत कोंडलेत."

"तरी ठेव." मग जरा थांबून, "तो डू दीर्घ कर गं. मला सकाळपासून दिसतोय."

"करते. आधी फळं."

"मी तोडू?"

चौदावा नियम तीन मैल मागे, फाटकाच्या आत राहिला होता. मी टॅब्लेट त्यांच्याकडे सरकवला. त्यांचं बोट कोरडं पडलंय, स्क्रीनला पटकन कळत नाही. त्यांनी ते ओठाला लावून ओलं केलं, पान उलटताना करायच्या तसं, आणि पहिलं फळ तोडलं. दोघी श्वास धरून बघत होतो. वारा आला, फांदी हलली, बर्फ पडला.

"राहिलं गं," सासूबाई म्हणाल्या.